पेचोराच्या केबिनमधून

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर थांबल्यावर सरकारचं एक लांबलचक निवेदन आलं. आपल्या हवाई संरक्षणानं त्या दिवसांत काय काय वापरलं ते त्यात होतं. आकाश क्षेपणास्त्राचं कौतुक सगळीकडे झालं आणि ते रास्तच आहे. पण त्याच निवेदनात पेचोरा आणि ओसा-एके या जमिनीवरून विमानं पाडणाऱ्या जुन्या रशियन क्षेपणास्त्र यंत्रणांची आणि कमी उंचीवरच्या विमानविरोधी तोफांचीही नावं होती. मी ते वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. नातवाला, सुनेला, शेजारच्या गुरुजींना.

हवाई दलातल्या माझ्या नोकरीचा मोठा भाग पेचोराच्या केबिनमध्ये गेला. रडार फिटर म्हणून भरती झालो, बंगळुरूला जालहळ्ळीत शिकलो आणि मग पश्चिमेकडच्या तळांवर राहिलो. कुठल्या तळावर, कधी, हे मी लिहिणार नाही आणि कुणी विचारूही नये. जे जगभर छापून आलेलं आहे तेवढंच इथं लिहितो आहे. पण ते वाचताना माझं मन कुठं बसलेलं असतं, तेही सांगणार आहे.

त्या निवेदनात दुसरी बाजूही होती. आपल्या हवाई दलानं पाकिस्तानची चिनी बनावटीची हवाई संरक्षण यंत्रणा चकवून, जॅम करून आपलं काम २३ मिनिटांत उरकलं, असं त्यात म्हटलं होतं. ८ मे रोजी तर सरकारनं जाहीरच केलं की पाकिस्तानातल्या अनेक ठिकाणच्या रडारांवर हल्ले झाले आणि लाहोरची एक यंत्रणा निकामी केली. शत्रूची रडारं आणि क्षेपणास्त्रं आधी गप्प करायची, मग आपली विमानं मोकळी फिरवायची, या कामाला हवाई दलात ‘सीड’ म्हणतात. आजकाल युद्धाची सुरुवात याच कामानं होते.

अंबाजोगाईत संध्याकाळी भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर पळतात. पळून झालं की पाणी पीत बसतात आणि मला बघितलं की ‘मेजर आले, मेजर आले’ करतात. हवाई दलात मेजर नसतो हे सांगून काही उपयोग नाही, आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. त्या मे महिन्यात त्यांचे मोबाईल व्हिडिओंनी भरलेले होते. स्फोट, धूर, लाल बाण, वर ढणाढणा संगीत. त्यातल्या एका पोरानं मला विचारलं, “काका, मिसाईल येतंय दिसल्यावर रडार बंद केलं म्हंजी हारलंच की वो?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. सीडची सगळी गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते आणि ती नेहमी विमानातून सांगितली जाते. वैमानिकाच्या धाडसाला माझा सलामच आहे. क्षेपणास्त्रांच्या तोंडावर मुद्दाम जाणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण त्या मोहिमेचा निकाल खाली, खिडकी नसलेल्या एका पेटीत बसलेली चार-पाच माणसं लावतात. त्यांच्यात विशीतली पोरंही असतात. या मैदानावर पळणाऱ्यांएवढीच.

आधी रडारचं गणित सांगतो. आपल्याकडे रडार म्हटलं की लोकांना २०१५ चा दुष्काळ आठवतो. तेव्हा कृत्रिम पावसासाठी औरंगाबादला विमान आणलं होतं, ढग बघायला रडार बसवलं होतं. ते ढगांना शोधत होतं आणि ढग काही उलट मारत नाहीत. लढाईतलं रडार वेगळ्या संकटात असतं. रात्रीची लाईट आल्यावर मोटार चालू करायला शेतात गेलेल्या माणसानं बॅटरी लावली की त्याला पुढचं वीस पावलं दिसतं, पण तो स्वतः मात्र कोसभर लांबून दिसतो. रडारचंही तेच. त्याचा किरण विमानापर्यंत जाऊन, आपटून, परत यावा लागतो. विमानातल्या यंत्राला तो फक्त जातानाच पकडायचा असतो. त्यामुळे तुम्ही त्याला पाहण्याआधी त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. आणि त्याच्या पंखाखाली असं क्षेपणास्त्र असतं जे तुमच्याच किरणावर स्वार होऊन तुमच्या अँटेनापर्यंत येतं.

अमेरिकेचं हार्म हे असंच क्षेपणास्त्र. आवाजाच्या दुपटीहून जास्त वेग. चाळीस किलोमीटरवरून सुटलं तर केबिनमधल्या माणसाच्या हातात जेमतेम मिनिटभर असतं, आणि त्यातला बराचसा वेळ ‘हे नक्की काय आहे’ यातच जातो.

आता केबिनमध्ये या. पेचोराची केबिन म्हणजे ट्रेलरवरची लोखंडी पेटी. आत अंधार, कारण पडदे नीट दिसायला हवेत. जुनी यंत्रणा काचेच्या व्हॉल्व्हची, ते तापलेले. पंख्यांची घरघर एवढी की शेजारच्याशी हेडफोनवरूनच बोलावं लागतं. बटणांवरची नावं रशियन. नवीन माणूस आधी ती अक्षरं पाठ करतो, पुढं पुढं त्याचा हात अंधारातसुद्धा बरोबर बटणावर जातो. तीन ऑपरेटर शेजारी शेजारी, प्रत्येकासमोर एक पडदा आणि हातानं फिरवायचं एक चक्र. दोघं कोन सांभाळतात, तिसरा अंतर. विमानाचा ठिपका रेघेवर धरून ठेवायचा, सटकू द्यायचा नाही. बोटांत कापसासारखी नरमाई लागते. मागं अधिकारी बसलेला असतो, निर्णय त्याचा.

आणि एक स्विच असतो. ट्रान्समीटर गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तो ऐनवेळी चालू करून भागत नाही. म्हणून तो आधीच पूर्ण ताकदीनं चालू ठेवायचा, पण ती ताकद अँटेनाकडे न सोडता आतल्या डमी लोडवर जिरवायची. केबिन जागी असते, यंत्र धगधगत असतं, आणि बाहेर काहीही जात नसतं. बाहेरच्याला तिथं फक्त झाडं आणि जाळी दिसते. मग हुकूम येतो आणि स्विच डमी लोडवरून अँटेनावर पडतो. त्या क्षणी आपण सगळ्या आकाशाला आपला पत्ता सांगितलेला असतो. तिथून पुढं सेकंद मोजायचे.

पेचोराची आणखी एक अडचण आहे, ती व्हिडिओवाले सांगत नाहीत. हिचं क्षेपणास्त्र जमिनीवरून हुकूम घेतं. सुटल्यापासून आदळेपर्यंत खालचं रडार विमानालाही बघत राहायला हवं आणि आपल्या क्षेपणास्त्रालाही. म्हणजे आपलं क्षेपणास्त्र हवेत आहे, दहा-पंधरा सेकंद उरलेत, आणि पडद्यावर मोठ्या ठिपक्यातून एक बारीक ठिपका सुटून सरळ आपल्याकडे यायला लागला, तर काय करायचं? बंद केलं तर आपलं क्षेपणास्त्र आंधळं होऊन वाया जातं. चालू ठेवलं तर ते येणारं बिनचूक येतं. हा निर्णय बॅटरीच्या, म्हणजे रडार आणि लाँचर सांभाळणाऱ्या क्षेपणास्त्र तुकडीच्या, अधिकाऱ्यानं दोन श्वासांत घ्यायचा असतो. मी हे सरावात पाहिलं आहे, युद्धात नाही. सरावातही चक्रावरचे हात घामानं ओले व्हायचे.

ज्यांच्यावर हे युद्धात आलं त्यांच्याबद्दल मी नोकरीत असल्यापासून वाचत आलो.

पहिली शाळा व्हिएतनामची. २४ जुलै १९६५ ला रशियन एसए-२ क्षेपणास्त्रानं अमेरिकेचं एक फँटम लढाऊ विमान पाडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेनं ‘वाइल्ड वीझल’ विमानं आणली. यांचं कामच क्षेपणास्त्रांना चिथवायचं, रडार लावायला भाग पाडायचं आणि मग त्यावर तुटून पडायचं. त्यांच्याकडचं श्राइक क्षेपणास्त्र किरण चालू असेपर्यंतच वाट ओळखायचं. व्हिएतनामी ऑपरेटर हे फार लवकर शिकले. श्राइक सुटलं की किरण बंद. ते भरकटलं की पुन्हा चालू. हार्मचा जन्म याच शिकवणीतून झाला, म्हणून ते एवढं वेगवान आहे आणि किरण थांबला तरी शेवटची जागा बऱ्यापैकी लक्षात ठेवतं. एका बाजूच्या ऑपरेटरांच्या शहाणपणानं दुसऱ्या बाजूच्या इंजिनिअरांना पंधरा-वीस वर्षं कामाला लावलं. आणि एवढं सगळं करूनही डिसेंबर १९७२ च्या अकरा दिवसांत पंधरा बी-५२ बॉम्बफेकी विमानं पडलीच.

१९७३ च्या ऑक्टोबरात इस्रायलला याचा जबर फटका बसला. ७ ऑक्टोबरला त्यांची फँटम गोलान भागातल्या सीरियन बॅटऱ्यांवर गेली. नकाशे आदल्या पाहणीचे, आणि मधल्या वेळात बॅटऱ्या हललेल्या. सहा फँटम गेली आणि हाताला बॅटरी लागली एक. त्या सबंध युद्धात इस्रायलची शंभरच्या आसपास विमानं गेली. तेव्हा सगळ्या जगानं ठरवून टाकलं की आता विमानाचे दिवस भरले.

नऊ वर्षांनी बेका खोऱ्यात नेमकं उलटं झालं. बेकावर मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या मते सीडचा इतका स्वच्छ आणि इतका निर्दय धडा दुसरा नाही.

लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियानं १९८१ च्या वसंतात क्षेपणास्त्रं आणून बसवली. बहुतेक एसए-६, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, हलवायला सोपी. पण ती हललीच नाहीत. वर्षभर त्याच त्याच जागी राहिली. इस्रायलनं वर बिनमाणसांची छोटी विमानं सोडली, स्काउट आणि मॅस्टिफ. त्यांनी महिनोन्महिने खालचा एकेक ट्रक, एकेक अँटेना, तिची वेळ, तिची फ्रिक्वेन्सी टिपून घेतली. केबिनमधल्या पोरांना डोक्यावर काहीतरी घिरट्या घालतंय हे कळत असणार. त्याचं पुढं काय होणार, हे ओळखणं वरच्या अधिकाऱ्यांचं काम होतं.

९ जून १९८२, दुपार. पडद्यावर एकदम विमानांची रांग उमटली. ती विमानं नव्हती. रडारवर विमानासारखी दिसतील अशी फसवी यंत्रं होती. सीरियन ऑपरेटरांनी जे शिकवलं होतं तेच केलं : रडार लावलं, निशाणा धरला, क्षेपणास्त्रं सोडली. बॅटऱ्या एकसाथ उजळल्या आणि लाँचर रिकामे व्हायला लागले. त्याच घडीची इस्रायल वाट बघत होतं. किरणांवर येणारी क्षेपणास्त्रं आधी, मागून बॉम्ब. खोऱ्यातल्या १९ बॅटऱ्यांपैकी १७ त्या दुपारी गेल्या. वाचवायला सीरियन मिग उडाले, तर त्यांची रेडिओ यंत्रणा जॅम झालेली. जमिनीवरून सांगणारं कुणी नाही. पुढच्या काही दिवसांत सीरियाची ऐंशीच्या आसपास विमानं पडली. हवाई लढाईत इस्रायलचं एकही नाही.

लोक याला इस्रायलचा चमत्कार म्हणतात. तयारीची मलाही दाद द्यावीशी वाटते. पण मी हे वाचतो तेव्हा मन त्या एसए-६ च्या गाडीत जाऊन बसतं. त्या ऑपरेटरनं आपलं काम चोख केलं होतं. निशाणा धरला, हुकूम मिळाला, बटण दाबलं. त्याला कुणी गप्प बसायला शिकवलंच नव्हतं. जागा बदला, खोटी अँटेना मांडा, समोरचं खरं की खोटं याची दुसऱ्या रडारकडून खात्री करा, आणि शंका असेल तर आलेला मोह गिळा. हे सगळं वर्षभरात शिकवता आलं असतं. त्या दुपारी मेलेल्या पोरांचा हिशोब मी वैमानिकांकडे मागणार नाही, ते त्यांचं काम करत होते. मी तो मागीन ज्यांनी वर्षभर बॅटऱ्या एकाच जागी ठेवल्या त्यांच्याकडे.

इराकबद्दल, म्हणजे आखाती युद्धाबद्दल, थोडक्यात. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे आठ अमेरिकन अपाची हेलिकॉप्टरांनी सरहद्दीवरची दोन रडार ठाणी फोडली आणि त्या खिंडारातून विमानं आत गेली. बगदादकडे पुन्हा तशीच फसवी विमानं सोडली. रडारं लागली. त्या रात्री दोनशेच्या घरात हार्म सुटली. हार्म सोडताना अमेरिकन वैमानिक रेडिओवर ‘मॅग्नम’ असं ओरडतो. थोड्याच दिवसांत अशी पाळी आली की नुसतं ‘मॅग्नम’ म्हटलं तरी इराकी रडारं विझायची, हार्म सुटलेलं असो वा नसो. वैमानिकांनी हे हसत हसत सांगितलंय. मला त्यात केबिनमधला माणूस दिसतो, आदल्या रात्री शेजारची बॅटरी गेलेली ऐकलेला. पुढं पुढं इराकी लोक रडार न लावताच क्षेपणास्त्रं आकाशात सोडत राहिले. ती कशाला लागणार?

आता सर्बिया. इथं माझं वाचन सगळ्यांत जास्त आहे, कारण इथं पेचोरा आहे. त्यांच्याकडे तिला नेवा म्हणतात. १९९९ च्या २४ मार्चपासून १० जूनपर्यंत, ७८ दिवस, नाटोनं युगोस्लाव्हियावर (सर्बिया तेव्हा त्याचाच भाग होता) बॉम्बफेक केली. चौथ्याच दिवशी, २७ मार्चच्या रात्री, २५० व्या क्षेपणास्त्र ब्रिगेडच्या तिसऱ्या बटालियननं अमेरिकेचं एफ-११७ पाडलं. रडारला न दिसणारं म्हणून जगभर गाजलेलं विमान बुदानोव्त्सी गावाजवळच्या शेतात पडलं. बटालियनचा कमांडर झोल्तान दानी. पुढं निवृत्त होऊन त्यानं बेकरी चालवली.

त्या रात्रीच्या कौतुकात लोक क्षेपणास्त्राचं नाव घेतात. मी दानीच्या शिस्तीचं घेतो. त्याच्या केबिनमध्ये कडक नियम होता की किरण वीस सेकंदांच्या वर सोडायचा नाही. सापडलं तर ठीक, नाही तर बंद. मग गाशा गुंडाळून दुसरीकडे. ज्यानं पेचोरा हलवली आहे त्याला विचारा ते काय असतं. लाँचर, अँटेना, केबिन, जनरेटर, जाडजूड केबलींची भेंडोळी, सगळं रात्रीत आवरायचं, चिखलातून न्यायचं, उजाडायच्या आत पुन्हा झाकायचं. दूरवरचं बघायला त्यांच्याकडे पी-१८ हे जुनं रडार होतं. त्याच्या लाटा मीटरच्या मापाच्या, लांब. अशा लाटांपुढं एफ-११७ चा लपायचा आकार कमी पडतो आणि हार्मलाही तेवढ्या लांब लाटांचा माग काढता येत नाही. जुनं म्हणून ज्याला लोक हसले त्यानंच वाट दाखवली. शेवटच्या काही सेकंदांसाठीच पेचोराचं स्वतःचं रडार लागलं.

२ मे रोजी त्यांनी एक एफ-१६ ही पाडलं. वैमानिक डेव्हिड गोल्डफीन, जो पुढं अमेरिकन हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता हिशोब बघा, कारण त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. नाटोनं सातशेहून जास्त हार्म सोडली. सर्बियाकडच्या पंचवीसेक फिरत्या एसए-६ बॅटऱ्यांपैकी जेमतेम तीन नष्ट झाल्याची खात्री पटली. या आकड्याकडे पाहून काही जण म्हणतात नाटोची सीड मोहीम फसली. दुसऱ्या बाजूनं, नाटोनं ३८,००० च्या आसपास उड्डाणं केली आणि शत्रूच्या माऱ्यानं वैमानिकासह उडालेली विमानं पडली फक्त दोन. सर्बियानं आठशेच्या वर क्षेपणास्त्रं सोडूनसुद्धा. मग फसली कशी? सर्बियन बॅटऱ्या जिवंत राहिल्या, पण जिवंत राहायला त्यांना गप्प राहावं लागलं. आणि गप्प रडार विमान पाडत नाही.

पण हिशोब इथंही थांबत नाही. त्या गप्प बॅटऱ्यांच्या धाकानं नाटोची विमानं बराच काळ पंधरा हजार फुटांच्या खाली उतरली नाहीत. प्रत्येक मोठ्या हल्ल्याबरोबर जॅमर विमानं आणि हार्मवाली विमानं न्यावी लागली. ती नसतील तर हल्ला पुढं ढकलायचा. तेवढ्या उंचीवरून झाडाखालचा रणगाडा खरा की लाकडाचा हे कळत नाही, आणि सर्बियानं लाकडाचे पुष्कळ मांडले होते. म्हणजे बंद केबिनसुद्धा काम करत होती. ती कुठं आहे हे शत्रूला माहीत नाही आणि ती कधीही वीस सेकंदांसाठी जागी होऊ शकते, एवढ्यानं वरच्याची चाल बदलते.

म्हणून मी त्या पोराला सांगितलं, “बंद करणारा हारला असं नाही बाळा. ज्याला परत चालू करायची हिंमत राहिली नाही तो हारला.” इराकमध्ये ती हिंमत मोडली. सर्बियात मोडली नाही. दोन्हीकडे यंत्रं बहुतेक रशियन आणि जुनीच होती.

आपल्या घरातलंही उदाहरण आहे आणि ते आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात अमृतसरचं रडार हा पाकिस्तानी हवाई दलाच्या डोळ्यातला काटा होता. आपल्या विमानांना हवेत वाट दाखवायचं काम ते करायचं. ते फोडायला सेबर विमानं पुन्हा पुन्हा आली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आपल्या तोफांनी स्क्वाड्रन लीडर मुनीरुद्दीन अहमद यांचं विमान पाडलं, ते त्यात गेले. रडार युद्ध संपेपर्यंत बोलत राहिलं. त्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, आपण सिंधमधल्या बदिनच्या रडारवर गेलो. कॅनबेरा विमानं, जमिनीला चिकटून उड्डाण, विंग कमांडर पीटर विल्सन यांच्या रॉकेटांनी रडारचा घुमट फोडला. एकाच महिन्यात, एकाच युद्धात, आपण रडार वाचवलंही आणि फोडलंही. हार्म नव्हतं, फसवी विमानं नव्हती. अमृतसरचं रडार वाचलं ते भोवतीच्या तोफांमुळे आणि हल्ला चालू असताना पडद्यासमोरून न उठलेल्या माणसांमुळे.

आता त्या मैदानावरचा दुसरा प्रश्न. “आपल्याकडं एस-४०० हाय, मग कशाची भीती?” एस-४०० ही रशियाकडून घेतलेली लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा उत्तम आहे, मला अभिमान आहे. पण रडार जितकं लांब बघणारं, तितकं ते शत्रूला हवंहवंसं. त्याच्यावर ड्रोनचे थवे येणार, हार्मसारखी क्षेपणास्त्रं येणार, खोटी विमानं येणार. स्वस्तातल्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र टाकत बसलं की लाँचर रिकामे, म्हणजे बेकाची दुपार. त्या मोठ्या रडारला सांभाळायला जवळ मारणारी साधी, स्वस्त, भरपूर यंत्रं लागतात. एल-७० सारख्या तोफा लागतात. तोफा जुन्या आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मे २०२५ च्या रात्री आठवाव्यात.

मारायच्या बाजूला आपण आता स्वतःचं क्षेपणास्त्र घडवतोय याचाही मला आनंद आहे. डीआरडीओनं रुद्रम हे रडारवर जाणारं क्षेपणास्त्र बनवलं. त्याची यशस्वी चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये सुखोईवरून झाली, रुद्रम-२ ची मे २०२४ मध्ये. पण माझं मागणं वेगळं आहे. असं क्षेपणास्त्र आपल्याकडे आलं म्हणजे आपल्याच रडारवाल्यांना त्याच्याविरुद्ध तालीम द्यायची सोय झाली. प्रत्येक सरावात आपल्या बॅटरीवर कुणीतरी शिकारी सोडलाच पाहिजे, आणि ऑपरेटरला किती विमानं पाडली यासोबत किती सेकंद बोललास आणि किती वेळा जागा बदललीस याचेही गुण मिळाले पाहिजेत. वीस सेकंद म्हणजे किती, हे अंगात मुरायला वर्षं लागतात.

त्यासाठी माणसं लागतात आणि ती आपल्याकडे आहेत. बीड-लातूरची पोरं सोळाशे मीटर झपाट्यानं पळतात, छाती फुगवतात, आणि गणित विषय सोडलेला म्हणून हवाई दलाचा फॉर्मच भरत नाहीत. हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत विज्ञान शाखेच्या पोरांना बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आणि पन्नास टक्के लागतात. वय आणि बाकीच्या अटी दर भरतीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. आई-वडिलांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हवाई दलात विमान उडवणारे मूठभर असतात. बाकी सगळे जमिनीवर असतात आणि त्यातले बरेच अशाच एखाद्या केबिनमध्ये.

मैदानावरच्या चौघा-पाच जणांना मी रविवारी सकाळी घरी लाटा, फ्रिक्वेन्सी आणि कोनांचं गणित शिकवतो. पैसे घेत नाही. अंबाजोगाईतल्या किंवा जवळच्या गावच्या आणखी कुणाला यायचं असेल तर मैदानावर संध्याकाळी भेटा, तिथंच ठरवू. येताना बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक आणा, जुनं असलं तरी चालतं.